‘एवढं शिकलात, मग इथे कशाला?’ : शिक्षण जास्त असताना नोकरीचा अर्ज कसा करावा

जळगाव एमआयडीसीतल्या चटईच्या कारखान्यात क्वालिटी तपासायला माणूस हवा असतो. बारावी किंवा डिप्लोमा चालेल, असं सांगितलेलं असतं. अर्ज घेऊन येतो प्लास्टिक टेक्नॉलॉजीत बी.टेक. झालेला मुलगा. शेठ कागद वरपासून खालपर्यंत वाचतात आणि विचारतात, “भाऊ, तू इतला शिकेल शे, आठे कितला दिन टिकशी?” (तू एवढा शिकलेला आहेस, इथे किती दिवस टिकशील?)

बहुतेक उमेदवारांना या प्रश्नात टोमणा ऐकू येतो. ते एकतर गप्प होतात, नाहीतर “मला काहीही काम चालेल” म्हणून मोकळे होतात. दोन्ही चुकतं. शेठनी जे विचारलंय तेवढंच त्यांना जाणून घ्यायचं आहे: किती दिवस. हा लेख त्या एका प्रश्नाचं उत्तर अर्जात, फोनवर, मुलाखतीत आणि पगाराच्या बोलणीत कसं द्यायचं, यासाठी आहे. पुण्याहून किंवा सुरतहून गावी परतलेले अनुभवी लोक, तासिका तत्त्वावर शिकवणारे नेट-सेट झालेले, स्पर्धा परीक्षेत पाच-सहा वर्षं गेलेले, ऑपरेटरच्या जागेसाठी उभे असलेले बी.ई. या सगळ्यांची अडचण वरून वेगळी दिसते, पण समोरच्याची शंका तीच असते.

आधी समोरच्याची भीती समजून घ्या

‘ओव्हरक्वालिफाइड’ (जागेला लागतं त्याहून जास्त शिकलेला) हा शब्द धुळ्या-जळगावात क्वचितच तोंडावर ऐकायला मिळतो. इथे “कळवतो” म्हणतात आणि कळवत नाहीत. त्यामागे साधारण पाच कारणं असतात.

पहिलं आणि सगळ्यात मोठं, तुम्ही सोडून जाल. दिवाळीला गावी आलेल्या मुलाला कामावर घेतलं, तीन महिने शिकवलं आणि होळीआधी तो नाशिकला निघून गेला, असा अनुभव जवळजवळ प्रत्येक मालकाच्या गाठीशी असतो. दुसरं, सहा महिन्यांत पगारवाढ मागाल. तिसरं, तुमच्यावरचा सुपरवायझर दहावी पास असेल आणि त्याचं तुम्ही ऐकणार नाही. चौथं, हाताला घाण लागेल असं काम टाळाल.

पाचवं कारण कुणी उघड बोलत नाही, पण दालमिल, ठिबकची दुकानं, मेडिकल, आडत अशा धंद्यांत ते मालकाच्या मनात हमखास असतं: हा धंदा शिकेल, गिऱ्हाइकं ओळखीची करेल आणि शेजारीच दुकान टाकेल. हुशार माणसाबद्दल ही भीती जास्त वाटते. तुमच्या जागेसाठी यातल्या कोणत्या दोन भीती खऱ्या आहेत ते अर्ज लिहिण्याआधी ठरवा. पाचही भीतींना उत्तर द्यायला गेलात तर अर्ज स्वतःची बाजू सावरल्यासारखा वाटेल.

जाहिरात सरकारी असेल तर आधी ‘कमाल’ शब्द शोधा

खासगी नोकरीत जास्त शिक्षण ही फक्त शंका असते. सरकारी आणि बँकेच्या काही जाहिरातींत मात्र ती अट असते. शिपायासारख्या जागांसाठी काही बँका ‘बारावी उत्तीर्ण, मात्र पदवीधर नसावा’ असं लिहितात. किती तारखेपर्यंतचं शिक्षण धरणार, तेही सोबत लिहिलेलं असतं. ती ओळ वाचल्याशिवाय फी भरू नका.

इथे पदवी लपवण्याचा मोह फार महागात पडतो. पंजाब नॅशनल बँकेने २०१६ मध्ये शिपायाच्या जागांसाठी अशीच अट घातली होती. एका उमेदवाराची पदवी २०१४ लाच झाली होती. त्याने अर्जात फक्त बारावी दाखवली आणि त्याची निवडही झाली. पदवीचा कागद समोर आल्यावर बँकेने निवड रद्द केली. ओडिशा उच्च न्यायालयात तो जिंकला, पण ३ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने बँकेच्या बाजूने निकाल दिला. माहिती दडवली हा एक मुद्दा होताच. दुसरा मुद्दा असा की अट मान्य नसेल तर तिला आव्हान द्यायला हवं होतं. अर्ज करून, भाग घेऊन नंतर तक्रार चालणार नाही.

याच्या उलट, नागपूर जिल्हा न्यायालयातल्या शिपाई भरतीच्या प्रकरणात २००० साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की केवळ शिक्षण जास्त आहे म्हणून उमेदवाराचा विचारच न करणं तर्काला धरून नाही. म्हणून नियम सरळ ठेवा. कमाल पात्रता लिहिली असेल तर त्या जागेचा नाद सोडा. लिहिलेली नसेल तर सगळं शिक्षण भरा. पोलीस शिपाई भरतीत बारावी आणि रेल्वेच्या लेव्हल १ च्या जागांत दहावी किंवा आयटीआय ही किमान अट असते, वरची मर्यादा नसते. तिथे पदवीधर असण्याची धास्ती बाळगू नका. अंगणवाडी सेविकेच्या भरतीत तर बारावीच्या वरच्या शिक्षणाला जादा गुण आहेत. मात्र तिथे स्थानिक रहिवासी असण्याची अट आहे, त्यामुळे माहेरच्या पत्त्याचा रहिवासी दाखला काही ठिकाणी अडचणीत आणतो.

लपवायचं किती आणि मांडायचं कसं

खासगी नोकरीत “बी.ई. लिहूच नकोस, फक्त आयटीआय लिही” असा सल्ला घरचे, मित्र, कधी कधी क्लासवालेसुद्धा देतात. तो ऐकू नका, आणि यामागचं कारण नैतिकतेपेक्षा व्यवहाराचं आहे. मधली चार वर्षं कुठे होतात, याचं उत्तर देता येत नाही. जळगाव, धुळे, नंदुरबार एवढ्या अंतरात कुणीतरी ओळखीचं निघतंच. आणि जिथे पीएफ कापतात तिथे रुजू होताना फॉर्म ११ भरावा लागतो. त्यात आधी पीएफचे सभासद होतात का, यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) काय, आधीच्या नोकरीतून कधी बाहेर पडलात, हे सगळं विचारलेलं असतं. यूएएन एकच असल्यामुळे जुनी नोकरी तिथे दिसतेच.

पण बायोडाटा म्हणजे प्रतिज्ञापत्र नव्हे. कोणती गोष्ट वर, कोणती खाली, कशाला चार ओळी आणि कशाला एक, हे ठरवायचा पूर्ण अधिकार तुमचा आहे. रुजू होतानाचा फॉर्म मात्र अथपासून इतिपर्यंत खरा भरा.

बायोडाटा एका पानाचा ठेवा. पहिल्या ओळीत नाव, मोबाइल आणि राहण्याचं गाव. खान्देशातला मालक आधी गाव बघतो, कारण अपडाऊन करणारा माणूस पावसाळ्यात आणि लग्नसराईत किती खाडे करेल याचा हिशोब त्याच्या डोक्यात सुरू होतो. म्हणून गावाच्या पुढेच लिहा: ‘राहणार पाळधी, स्वतःची दुचाकी’ किंवा ‘राहणार भुसावळ, रेल्वेचा पास’. जात, रास, उंची हे लग्नाच्या बायोडाट्यात शोभतं, इथे नको.

त्यानंतर ज्या जागेसाठी अर्ज आहे त्याच कामाच्या पाच-सहा ओळी. इथे बहुतेक जण गडबडतात, म्हणून एक उदाहरण शब्दशः बघा. पुण्यात प्रॉडक्शन मॅनेजर असलेला माणूस जळगावला पाइपच्या कारखान्यात शिफ्ट सुपरवायझरसाठी अर्ज करतोय. त्याच्या जुन्या बायोडाट्याची सुरुवात अशी आहे:

‘१४ वर्षांचा अनुभव असलेला प्रॉडक्शन मॅनेजर. ६० कर्मचाऱ्यांच्या विभागाचे नेतृत्व. वार्षिक ४ कोटींच्या खर्चाचे नियोजन. वरिष्ठ व्यवस्थापनाला थेट अहवाल.’

यातली प्रत्येक ओळ खरी असली तरी प्रत्येक ओळ मालकाला सांगते की हा माणूस खुर्चीवर बसणारा आहे. तोच अनुभव या जागेसाठी असा लिहा:

‘पीव्हीसी पाइपच्या एक्स्ट्रूजन लाइनवर १४ वर्षे काम. डाय बदलणे, पाइपच्या भिंतीची जाडी आणि वजन तपासणे, शिफ्टचे स्क्रॅप रजिस्टर ठेवणे. तिन्ही शिफ्टमध्ये काम केले आहे. नवीन हेल्परला मशीनवर शिकवले आहे. शेवटचे पद: प्रॉडक्शन मॅनेजर.’

हुद्दा काढलेला नाही, शेवटी गेलाय. नेतृत्व, धोरण, व्यवस्थापन असले शब्द गेले आणि हाताचं काम वर आलं. जिथे जमेल तिथे वस्तूचं, मशीनचं, रजिस्टरचं नाव लिहा. ‘लेखा व्यवहार पाहिले’ यापेक्षा ‘टॅलीवर रोजची बिले, बँकेचा मेळ, जीएसटीआर-१ ची तयारी’ हे वाचून मालकाला कळतं की सोमवारी सकाळी आलात तर कोणत्या टेबलावर बसाल.

दहा वर्षांच्या आधीच्या नोकऱ्या एका ओळीत गुंडाळा. शिक्षण सगळ्यात शेवटी: सर्वात वरची पदवी, साल, विद्यापीठ, बस्स. पीएच.डी. चालू असेल तर लिहा, पण प्रबंधाचा विषय लिहू नका. पेपर, परिसंवाद, पारितोषिकं गाळा. स्पर्धा परीक्षेची वर्षं रिकामी सोडू नका. ‘२०१९ ते २०२३: स्पर्धा परीक्षेचा अभ्यास, आता बंद’ एवढं पुरे. ‘आता बंद’ हे दोन शब्द खरे असतील तरच लिहा.

अर्जाचं पत्र: सात-आठ ओळी, त्यात एक ओळ सरळ मुद्द्याची

जास्त शिक्षणाचा विषय समोरच्याने काढण्याआधी तुम्ही काढायचा. एकाच वाक्यात काढायचा आणि लगेच कारण द्यायचं. एम.कॉम. झालेल्या उमेदवाराने जामनेर भागातल्या कापसाच्या जिनिंगमध्ये बिलिंगच्या जागेसाठी लिहिलेलं पत्र असं असू शकतं:

‘महोदय, आपल्या जिनिंगमध्ये बिलिंग आणि गेट-एंट्रीसाठी माणूस हवा असल्याचे कळले. मी दोन हंगाम एका आडत दुकानात काटा पावती, शेतकऱ्यांची बिले आणि टॅलीचे काम केले आहे. माझे एम.कॉम. झाले आहे, या जागेसाठी ते जास्त आहे याची मला कल्पना आहे. आई-वडील आणि चार एकर शेती इथेच असल्याने मला तालुक्यातच काम हवे आहे आणि पुढची दोन वर्षे बाहेर जायचा विचार नाही. हंगामात रात्री गाड्या खाली होईपर्यंत थांबायची तयारी आहे. जागेसाठी ठरलेला पगार मान्य आहे. बुधवारी दुपारी चारला फोन करीन.’

अनुभव पदवीच्या आधी आलाय ते पाहा. ‘दोन वर्षे’ हा आकडा आहे. ‘दीर्घकाळ’ म्हटलं असतं तर ते कुणी मनावर घेत नाही. शेती आणि आई-वडील हे कारण मालकाला तपासता येतं, म्हणून त्याला वजन आहे. मुलांची शाळा, जोडीदाराची जवळची नोकरी, बांधून झालेलं घर, ही सगळी याच जातीची कारणं. “मला शांत आयुष्य हवंय” किंवा “शहराचा कंटाळा आला” हे खरं असलं तरी पत्रात चालत नाही, कारण कंटाळा इथलाही येऊ शकतो.

एक अट: जो आकडा लिहाल तो पाळता आला पाहिजे. सहा महिन्यांपलीकडे थांबायचं मनात नसेल तर कायमच्या जागेऐवजी हंगामी काम घ्या. जिनिंगचा हंगाम, जुलै ते सप्टेंबरमधली सीएच्या ऑफिसची घाई, केळीच्या पॅकहाऊसमधलं नोंदणीचं काम, अशा ठिकाणी तुमचं निघून जाणं ठरलेलंच असतं. तिथे पदवीची अडचणही कमी येते.

अर्ज कुणाच्या हाताने आणि कधी

इथल्या बऱ्याच जागा जाहिरातीत येतच नाहीत. त्या मालकाचा सीए, जुना दिवाणजी, ट्रान्सपोर्टवाला, माल पुरवणारा यांच्या तोंडी असतात. शब्द टाकणारा माणूस मिळाला तर अर्धं काम होतं, पण त्याला काय बोलायचं ते तुम्हीच सांगायला हवं. मदत करणारा प्रेमाने म्हणतो, “पोरगा भलता हुशार आहे, पुण्याला मोठ्या कंपनीत होता.” या एका वाक्याने वरच्या पाचही भीती जाग्या होतात. त्याला सांगा, “काका, हुशार म्हणू नका. घर इथंच आहे, टिकेल, वेळेवर येईल, एवढंच सांगा.”

वेळ पाळा. जिनिंगवाले दसऱ्याच्या आधी माणसं ठरवतात. दिवाळीनंतर गेलात तर उरलीसुरली जागा मिळते. शाळांसाठी एप्रिल-मे, कारण जूनच्या मध्यावर शाळा उघडायच्या आत वेळापत्रक लागलेलं असतं. आडतीच्या किंवा दालमिलच्या शेठला सकाळी लिलावाच्या वेळेला फोन करू नका. सीएच्या किंवा अकाउंट्सच्या ऑफिसात महिन्याच्या ११ आणि २० तारखेच्या आसपास जाऊ नका. त्या जीएसटीच्या तारखा आहेत आणि तुमचा कागद फायलीखाली जाईल.

जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात आणि महास्वयंम पोर्टलवर नोंदणी करून ठेवा, रोजगार मेळाव्यांना जा. तिथे एक चूक टाळा: पोर्टलवर फक्त सर्वात वरची पदवी टाकली तर खालच्या पात्रतेच्या जागा शोधणाऱ्याला तुम्ही दिसतच नाही. दहावी, बारावी, आयटीआय, टायपिंग, एमएस-सीआयटी हे सगळे टप्पे वेगवेगळे भरा.

मुलाखत

बहुतेक वेळा समोर मालक स्वतः असतो. गप्पांसारखं बोलणं चालतं, त्यामुळे उमेदवार सैल होतो आणि नको ते शब्द निसटतात. ‘सध्या तरी’, ‘तात्पुरतं’, ‘तोपर्यंत’, ‘काहीही चालेल’ हे चार शब्द जिभेवर येऊ देऊ नका. “सध्या तरी इथंच आहे” यातला ‘सध्या तरी’ मालक बरोबर टिपतो.

“टिकशील का?” या प्रश्नाला आधी मुदत सांगा, मग कारण, मग जाण्याची रीत. “दोन वर्षं नक्की. घर आणि वडिलांचं दुखणं दोन्ही इथंच आहे. पुढे जायची वेळ आलीच तर महिनाभर आधी सांगीन आणि माझ्या जागी येणाऱ्याला शिकवून जाईन.” यातलं तिसरं वाक्य फारच थोडे उमेदवार बोलतात. मालकाला तुमचं जाणं जितकं छळतं त्याहून जास्त छळतं ते न सांगता जाणं.

नेट-सेट झालेल्यांना हमखास विचारतात, “प्राध्यापक भरती निघाली तर?” खोटं बोलू नका. “अर्ज करणार. पण जाहिरात, मुलाखत, नेमणूक यात बराच काळ जातो, तुम्हाला पहिल्या दिवसापासून कल्पना असेल,” हे उत्तर मालकाला पटतं, कारण त्यात अचानकपणा नाही. परीक्षा अजून देत असाल तर वर्षातल्या परीक्षेच्या तारखा आधीच सांगून ठेवा आणि तेवढेच दिवस सुट्टी मागा.

“आमचा सुपरवायझर दहावी आहे, त्याच्या हाताखाली जमेल?” यावर “हो, जमेल” एवढंच म्हणणं अपुरं आहे. “मशीनवर त्यांची पंधरा वर्षं गेली आहेत, ती माझ्या पुस्तकात नाहीत. पहिले दोन महिने ते सांगतील तसंच करीन,” असं बोला आणि तो सुपरवायझर तिथे असेल तर त्याच्याकडे बघून बोला. बऱ्याच कारखान्यांत मुलाखत झाल्यावर शेठ त्यालाच विचारतात, “कसा वाटला?” त्याचं मत तुमच्या पदवीपेक्षा जड असतं.

शॉपफ्लोअर दाखवायला नेलं तर पहिल्याच फेरीत चुका काढू नका. स्क्रॅप जास्त दिसलं, मांडणी चुकीची वाटली, तरी त्या दिवशी विचारा फक्त: हे मटेरियल कुठून येतं, शिफ्ट कशी बदलते. ज्ञान दाखवायची खाज अनुभवी माणसाला इथेच नडते. दुकान टाकण्याची भीती ज्या धंद्यात आहे तिथे भाव, गिऱ्हाइकं आणि पुरवठादार यांबद्दल तर मुलाखतीत प्रश्नच विचारू नका.

पगाराची बोलणी

आधीचा पगार विचारला तर खरा आकडा सांगा आणि लगेच हिशोब मांडा. हा हिशोब घरी कागदावर करून न्या. समजा पुण्यात हातात ३८,००० येत होते. खोली आणि लाइटबिल ११,०००, जेवण ६,०००, पेट्रोल ३,०००, गावी ये-जा २,०००, वरखर्च ४,०००. म्हणजे २६,००० गेले आणि उरले १२,०००. आता भुसावळला स्वतःच्या घरी राहून जळगावला अपडाऊन केलं आणि हातात २२,००० आले, तर प्रवास २,५००, घरात ६,००० आणि वरखर्च २,००० जाऊन ११,५०० उरतात. हे आकडे तोंडी सांगितले की “एवढ्यावर कसं भागेल याचं?” हा मालकाचा प्रश्न मिटतो. तुमचे आकडे वेगळे असतील. मांडणी हीच ठेवा.

मालक “चोवीस देऊ” म्हणतात तेव्हा हातात किती, ते विचारा. पीएफची कायद्याची मर्यादा २०१४ मध्ये १५,००० ठरली आहे. त्या रकमेवर १२ टक्क्यांनी १,८०० कापले जातात आणि व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००), म्हणजे २४,००० चे हातात २२,०००. महिलांना महिन्याला २५,००० पर्यंत व्यवसाय कर नाही. पगार २१,००० पर्यंत असेल तर ईएसआयचे (कर्मचारी विम्याचे) पाऊण टक्का जातील, पण त्यात घरच्यांचा दवाखाना येतो.

आधी पीएफचे सभासद असाल तर “तुमचा पगार पंधराच्या वर आहे, पीएफ नको” हे मालकाचं म्हणणं चालत नाही; जुन्या सभासदाला पुढे चालू ठेवावंच लागतं. पीएफच्या पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा लागते. पुण्यात सात वर्षं झाली असतील तर इथल्या कमी पगारातली तीन वर्षंही त्यात धरली जातात. यूएएन तोच द्या, नवीन काढू देऊ नका.

कमी घ्यायचं म्हणून किती कमी? त्या जागेवर आधीच्या माणसाला जे मिळत होतं त्याखाली उतरू नका. फार कमी मागणाऱ्यावर “यात काहीतरी गोम आहे” असा संशय येतो. वर्षाने पगाराचा फेरविचार होईल एवढी एक ओळ नेमणूकपत्रात मागा. बहुतेक मालक ती देतात, कारण त्यांना ती वर्षभर टिकण्याची कबुली वाटते.

दोन कागद जपून

शिकलेला माणूस पळून जाईल या भीतीपोटी काही ठिकाणी मूळ गुणपत्रिका किंवा सही केलेला कोरा चेक ठेवून घ्यायची पद्धत आहे. यातलं काहीही देऊ नका. मूळ कागद दाखवा, स्वतः साक्षांकित केलेली झेरॉक्स द्या आणि झेरॉक्सवर ‘फक्त नोकरीसाठी’ व तारीख लिहा. “बँकेत कामासाठी मूळ लागतात” असं नम्रपणे सांगितलं तर सहसा विषय तिथेच संपतो. तरीही अडून बसले तर ती नोकरी सोडून द्या. अडकलेली गुणपत्रिका सोडवायला जे हेलपाटे पडतात त्यापुढे कोणताही पगार कमीच.

बॉण्ड हा वेगळा प्रकार आहे. “नुसती औपचारिकता आहे” म्हणून त्यावर सही करू नका. विजया बँकेच्या प्रकरणात १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांच्या आत सोडल्यास दोन लाख भरण्याची अट वैध ठरवली. म्हणजे बॉण्ड वसूल होऊ शकतो. रक्कम, मुदत आणि कोणत्या परिस्थितीत तो लागू होणार नाही, हे वाचा, प्रत मागून घ्या. तोंडी दोन वर्षं कबूल केली असतील तर तीन वर्षांच्या कागदावर सही करायची गरज नाही.

पहिले तीन महिने

शंका रुजू झाल्यावर संपत नाही, फक्त कामाच्या जागी येते. पहिल्या महिन्यात एक खाडा जरी पडला तरी “इंटरव्ह्यूला गेला असेल” असं बोललं जातं. म्हणून लग्न, उत्तरकार्य, दवाखाना काहीही असो, आदल्या दिवशी सांगा. सुधारणा सुचतील त्या वहीत लिहून ठेवा. दोन महिन्यांनी त्यातली एकच निवडा, ती आधी सुपरवायझरला एकट्याला सांगा आणि शेठसमोर ती त्याच्याच तोंडून जाऊ द्या. ‘आमच्या पुण्याच्या कंपनीत’ अशी सुरुवात कोणत्याही वाक्याची करू नका. गाडी खाली करणं, रॅक पुसणं असं काम आलं की सगळ्यांच्या आधी हात लावा. हे दोन-तीनदा दिसलं की हाताला घाण लागणारं काम टाळाल ही चौथी भीती कायमची जाते.

नकार आला तर

“तुमचं शिक्षण जास्त आहे” असं तोंडावर सांगणारा मालक दुर्मिळ आणि उपयोगी. त्याने तुमची क्षमता मान्य केली आहे, फक्त जागा चुकली. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर चार ओळी पाठवा: ‘शेठ, काल वेळ दिलात, आभारी आहे. या जागेसाठी नाही म्हणालात ते समजलं. पुढे स्टोअर, डिस्पॅच किंवा अकाउंट्समध्ये जागा निघाली तर जरूर कळवा. तुमच्या ओळखीत कुणाला माणूस हवा असेल तर माझं नाव सांगा.’

सोबत बायोडाटा पुन्हा जोडा, कारण कालचा कागद हरवलेला असतो. वहीत पाच रकाने आखा: तारीख, ठिकाण, कुणाशी बोलणं झालं, कशामुळे अडलं, परत कधी फोन. दहा नोंदी झाल्या की ‘कशामुळे अडलं’ हा रकाना वाचा. सारखा पगार दिसत असेल तर हिशोबाचा कागद नीट करा. सारखं ‘टिकणार नाही’ दिसत असेल तर पत्रातलं कारण कच्चं आहे. आणि फोनच येत नसेल तर बायोडाट्याच्या पहिल्या पाच ओळी अजून जुन्याच आहेत, त्या आज रात्री बदला.